वैनीचं अर्धं डोस्कं

आमच्या गावात कुनाचं डोस्कं दुखाया लागलं की लोक आदी मला हाक मारायचे, औषधाचं मागून बगायचे. कावून, तर कुनाचं डोस्कं कसं दुखतं ते मी हुबेहूब करून दाखवायचो. पिकाची तपासनी करनारे गिरदावरसाब शिवार बगून दुपारचे आले की घोड्यावरून उतरायच्या आदीच टाळक्यावर रुमाल ठिवायचे, डोळं बारीक करायचे आन् पान्याच्या आदी सावली मागायचे. ते उन्हाचं डोस्कं. तालुक्याच्या मदरशातले, म्हंजे शाळंतले, आमचे मुदर्रिस मास्तर नाकाचा बुंधा चिमटीत धरून 'खामोश' म्हनायचे, आन् त्यातला 'म' कदीच नीट निगायचा न्हाई. ते पडशाचं. शिंदी पिऊन पारावर निजलेला आमचा एक भाऊबंद सकाळी दोनी हातानं डोस्कं आसं उचलून धरायचा, जसं काय ते शेजाऱ्याकडून मागून आनलंय आन् जपून परत द्यायचंय. ते शिंदीचं.

लोक हसायचे. "आजून एकदा कर बे," म्हनायचे. मी करायचो.

पन त्या उन्हाळ्यात मला त्याचा लई कट्टाळा आलता. मदरशातलं शिकनं संपवून मी घरी बसलतो, नौकरी काय लागंना. खळी उरकत आलती. दादा रातचा खळ्यावर राखन करायचा, दिवसा घरी येऊन निजायचा. माय न बोलता काम करायची. गावात जिकडं जावं तिकडं लोक उनानं पडून राहिलेले, आन् मला बगितलं की एक डोळा उघडून म्हनायचे, "आला का नकल्या? गिरदावर दाखव." गिरदावराला सुदिक गिरदावर व्हायचा येवढा कट्टाळा येत नसंल.

आन् घरात वैनीचं डोस्कं दुखत व्हतं.

वैनी म्हंजे माज्या थोरल्या भावाची बायको, घाटनांदूरकडची. तिचं दुखनं गिरदावरावानी न्हवतं, मुदर्रिसावानी बी न्हवतं. पहाटं जात्यावर बसायची तवा ठीक असायची. दीस वर आला की तिचा डावा डोळा पाझराया लागायचा. मंग ती बोलनं बंद करायची. भांडं वाजलं की तिचा खांदा वर जायचा. फोडनीचा वास आला की नाकावर पदर. दीस माथ्यावर आला की भिताडाकडं तोंड करून बसायची, कानशील भिताडाच्या गार मातीला लावून. कवाकवा उलटी व्हायची. दीस कलला की हळूहळू उठून परत कामाला लागायची, आन् तिचं तोंड आसं दिसायचं जसं कुनी पिळून वाळत टाकलंय.

"आमचं बी दुखायचं," माय म्हनायची. "आमी काय भिताडाला चिकटून बसलो का?"

आमचं घर पाटलाचं. पाटीलकी भाऊबंदात वाटून वाटून फोडनीतल्या मोहरीयेवढी राहिलती, पन बायकांचा गोशा मातर सगळा शाबूत. घरातली सून हकिमाकडं जानार न्हाई, हकीम घरात येनार न्हाई. बाईचं दुखनं पुरुषानं जाऊन सांगायचं आन् पुडी घेऊन यायची. दादा एकदा जाऊन आलता. हकिमानं इचारलं, कसं दुखतं? दादा म्हनला, "दुखतंय." हकिमानं त्या मापाची पुडी दिली. काय फरक पडला न्हाई.

मंग मायनं ठरवलं, डाग द्यायचा.

डाग देनारा म्हातारा दर आमुशाला आमच्या बाजूच्या गावातून फिरायचा. बैलाचा खांदा सुजला तरी डाग, पोराचं पोट फुगलं तरी डाग, बाईचं डोस्कं दुखलं तरी डाग. गोवरीच्या इस्तवात सळई लाल करायची आन् दुखतं तिथं टेकवायची. वैनीला कानशिलावर बसनार व्हता. दादा 'हौ' म्हनला आन् खळ्यावर गेला. दादाचं आसंच हाय. त्याला झोप पुरत न्हाई.

त्या दिवशी सांजच्याला मी चुलीपाशी पानी प्यायला गेलो तर वैनी भाकरी थापत व्हती. मान वर न करता म्हनली, "भाऊजी, बैलाला डाग देताना तुमी बगितलंय न्हवं?"

"बगितलंय."

"लई वेळ लागतो का वो?"

मी म्हनलं, "न्हाई, टेकवला की झालं." आन् म्हनून झाल्यावर माझंच तोंड कडू पडलं. बैल कसा करतो ते मला करून दाखवता येतं. तिनं ते इचारलं न्हाई, ही तिची मेहरबानी.

दुसऱ्या दिशी पल्याडच्या गावचा बाजार व्हता. मी दादाला म्हनलं, या बारीला पुडी आनाया मी जातो. दादा म्हनला, "जा." त्याचे डोळे तवाबी मिटलेलेच व्हते.

हकीम बाजाराच्या कडंला बसायचे. म्हातारं मानूस, मेंदी लावलेली दाढी, म्होरं बरन्यांची रांग. लोक भिताडाला टेकून बसलेले. हकीमसाब सोता दमलेले दिसत व्हते, एक हात बरनीवर आन् एक कपाळावर.

"बोल बाबा. कैसा दुखता?"

"हकीमसाब, तोंडानं सांगून उपेग न्हाई. करून दाखवू का?"

"दिखा."

सवय वाईट. मी गिरदावरापासून सुरू केलं. बसलेल्यातला एकजन गिरदावराला वळखत व्हता, तो गुडघ्यावर थाप मारून हसला. हकीमसाब हसले न्हाईत. बरनीवरचा हात बी न उचलता म्हनले, "धूप का. धने भिजवून ते पानी, खडीसाखर घाल के. माथे पे मेंदी का लेप."

मी मुदर्रिस केले.

"नजले का. गरम पानी की वाफ, सोंठ उगाळ के नाक के ऊपर. ठंडा पानी नक्को."

मी शिंदीवाला भाऊबंद केला, डोस्कं परत द्यायला निगालेला.

"सेंदी का," हकीमसाब म्हनले. "लिंबू-पानी और शरम. दोनो पिलाव."

आता सगळेच हसत व्हते. मला चढलं. माज्या एका चुलतीचं उपासाचं डोस्कं केलं, जी देवापुढं हात जोडून बसते पन डोळा सयपाकघराकडं असतो. "भूक का. देव को बोलो, पहले खाने दे." आंबट ढेकरा देनाऱ्या सावकाराचं केलं. "पित्त का. आवळा, और रात कू जलदी जेवन." मी करत गेलो, ते वळखत गेले. येकबी चुकलं न्हाई. पन त्यांचा आवाज बारीक बारीक व्हत गेला, आन् शेवटी म्हनले, "हौ बाबा, सब समझा. अब मरीज दिखा."

तवा मी भिताडाकडं वळलो. वैनीची नक्कल मी कदी केलीच न्हवती. घरातल्या मानसाची नक्कल मी करीत न्हाई, म्हंजे मायच्या भ्यानं. मी खाली बसलो, डावं कानशील भिताडाला लावलं. डावा डोळा मिटू दिला. बाहेर कुनाचातरी तांब्या पडला, तसा माझा खांदा आपसूक वर गेला. मी नाकावर उपरन्याचं टोक धरलं आन् गप बसून राहिलो.

कुनी हसलं न्हाई. भिताडाची माती गार व्हती आन् मला तिथून उठू वाटंना.

कुनीतरी माझं मनगट धरलं. हकीमसाब. तीन बोटं नाडीवर ठिवून ते जरा थांबले, मंग दुखनेकरी मी न्हाई हे ध्यानात आलं तसं हात सोडून दिला.

"सूरज के साथ चढता?"

"हौ."

"सूरज के साथ उतरता? आधाच?"

"आधाच."

"आधासीसी," ते म्हनले. "अर्धशिशी. पुडी से नै जाता." मंग त्यांनी सांगितलं, आन् येवढं सांगताना बी त्यांना दम लागत व्हता. दीस उगवायच्या आदी कोमट दुधासंगं जिलबी खायची, आन् खाऊन परत अंधारात पडून राहायचं, दीस चांगला वर येईस्तोवर. नाकात गायीच्या तुपाचा थेंब. कपाळाला सुंठीचा लेप. उपास न्हाई. उपाशी काम न्हाई.

"जिलबी आमच्याकडं जत्रेतच दिसती, हकीमसाब."

"तो दूध, साखर, तूप. जो हाय वो. बाबा, जलेबी दवा नै. नींद दवा है. जलेबी तो इसके वास्ते, के औरत को मुफत में कोई सोने देता नै. दवा बोल के सोने देते."

"घरचे डाग द्या म्हनतेत."

त्यांनी हात हलवला. "नक्को. डाग के बाद मेरे पास कोई वापस आता नै."

वाटंनं मी ह्याच बोलन्यावर इचार करत व्हतो. वापस येत न्हाई म्हंजे बरं व्हतं का काय? तसं आसंल तर मंग मायचं बराबर हाय. डोक्यावर ऊन व्हतं. अर्ध्या वाटंत माझंच डोस्कं ठनकाया लागलं, आन् बगतो तर मी टाळक्यावर उपरनं ठिवून, डोळं बारीक करून, गिरदावरावानीच चाललोय. बगायला कुनी न्हवतं.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. माय डाळ निवडत व्हती.

"दीस वर येईस्तोवर निजायचं," माय म्हनली. "आन् दळन कोन दळनार? हकीम?"

"तू..." मी म्हनलं, आन् तिच्या हाताकडं बगून पुढचं गिळलं. तिच्या बोटांची पेरं सुजलेली असायची.

"दळन दीस उगवायच्या आत झालं पायजे. खळ्यावर मानसं हायत. आमूश्या आली की म्हातारा येतोय, त्याचं तो बगंल."

मी लई येळ बाजंवर पडून राहिलो. पुरुषानं जात्याला हात लावायचा न्हाई, हे आमच्यात कुनी सांगत न्हाई, सगळ्यांना ठावं असतं. पन माय काय जात्यापाशी येऊन बगत न्हवती. ती माजघरात आडवी असायची आन् कानानं बगायची. जात्याची घरघर आन् वैनीच्या ओव्या आल्या की सून कामाला लागली. आवाज थांबला की आतून हाक, "झोप लागली का गं?"

म्हंजे मायला पायजे व्हता आवाज. आन् आवाजाचं काय, तेवढं एकच मला येतं.

पहाटं उठून आदल्या दिशीचं दूध मी राखंवर कोमट केलं, साखर-तूप घातलं, आन् वैनीच्या खोलीच्या दाराशी ठिवलं. ती जात्याकडं निगालीच व्हती. मी म्हनलं, "वैनी, हे प्या आन् परत निजा."

"आत्याबाई काय म्हनतील?"

"आत्याबाईला जात्याचा आवाज पायजे. तुमी पायजे न्हाई."

ती माज्याकडं बगत राहिली. हसली न्हाई, तेवढं अंगात न्हवतं. पेला उचलला आन् आत गेली.

मी जात्यावर बसलो. खुट्टा धरला, ज्वारीचा घास टाकला आन् वडला. जातं जड असतं हे बगून कळत न्हाई बगा. पाठीच्या खालपासून वर मानंपर्यंत एक कळ आली. मंग मी वैनीच्या आवाजात ओवी धरली. तिचा आवाज जरा नाकातला, वळीच्या शेवटी माहेराच्या बाजूला वळून बगितल्यावानी वळायचा. तिच्या ओव्यात घाटनांदूरची वाट असायची, वाटंवरचा लिंब असायचा, भाऊ असायचा. मला जेवढं ध्यानात व्हतं तेवढं म्हनलं, पुढं लिंबच परत परत आनला.

घास सरकवाया थांबलो तर आतून हाक आली. "झोप लागली का गं?"

"न्हाई, आत्याबाई."

बस. निभावलं.

आसं रोज सुरू झालं. तळहाताला फोड आले, ते फुटले. दिवसा मला उबं राहून झोप यायची. पारावरचे म्हनायचे, "नकल्या, आज कुनाचं डोस्कं?" मी म्हनायचो, "माझं," आन् ते हसायचे, त्यांना वाटायचं ही बी नक्कल.

वैनीचं पैल्यांदा काय थांबलं न्हाई. दीस वर आला की परत डोळा पाझरायचा. मंग एका दिशी ती दुपारी भिताडापाशी बसलीच न्हाई. दुसऱ्या दिशी बसली, पन थोडीच. एकदा पानी भरताना गुनगुनली. मायनं तिच्याकडं बगितलं, मंग ताटातली भाकरी उचलून उन्हाकडं धरली. भाकरी कडंला चिरलेली.

"जातं बोथटलंय, टाकी लावाया पायजे," माय म्हनली. "पीठ जाड येतंय."

मी खाली मान घालून जेवत व्हतो.

आमूश्या उद्यावर आली. मायनं म्हाताऱ्याला नको म्हनून निरोप काय धाडला न्हाई. मला वाटत व्हतं तिनं दिसतंय ते बगावं आन् सोताहून म्हनावं. ती काय म्हनली न्हाई. गोवऱ्या मातर अंगनात काढून ठिवलेल्या मी बगितल्या.

आमूश्याच्या पहाटं मी जात्यावर बसलो. ओवीतल्या लिंबापर्यंत गेलतो. इतक्यात माजघराच्या दारात कुनीतरी हाललं. माय. अंधारात ती भिताडाला हात लावत आली आन् जात्याच्या पल्याडच्या अंगाला, माज्या समूर बसली. मी पदरावानी डोक्यावरून घोंगडी वढून घेतलेली व्हती, ती आजून पुढं वढली. तिनं सुजलेला हात खुट्ट्यावर, माज्या हाताच्या वर ठिवला. दोगं मिळून जातं फिरू लागलो. मी ओवी थांबवली.

मंग माय बोलाया लागली. हळू, जसं जात्यालाच सांगती.

"मला बी डाग दिलता. मी तुज्यायेवढीच व्हते. सासूनं हात धरले, जावंनं पाय."

मला तिचा तो जखमंचा वन ठाऊक व्हता. कानशिलावर, केसांच्या आड, गुळगुळीत. आमाला ल्हानपनापासून वाटायचं, देवीचा वन हाय.

"दुसऱ्या दिशी सासूनं इचारलं, थांबलं का? मी म्हनलं, थांबलं. न्हाई म्हनलं आसतं तर दुसऱ्या अंगाला दिला आसता."

जातं फिरत व्हतं. मी वैनीच्या आवाजात येवढंच म्हनलं, "मंग, आत्याबाई? थांबलं न्हवतं?"

"कुठलं थांबतंय. आज बी दुखतंय." तिनं घास टाकला, बारीक. "जावंला बी दिलता. ती बी थांबलं म्हनली. शेजारनीला दिला, ती बी म्हनली. मला वाटायचं, सगळ्यांचं थांबतंय, माझंच तेवढं खोटं हाय. म्हनून तुला बी द्यावा म्हनलं. तुझं तरी खरं थांबंल."

हकीमसाबाचं बोलनं मला तवा उमगलं. का कुनी वापस येत न्हाई ते.

जातं तेवढं फिरत राहिलं. कोंबडा आरवला. मायनं खुट्ट्यावरचा हात काढला, गुडघ्यावर जोर देऊन उठली.

"आवाज बेस काढतूस," ती म्हनली. "पन घास मोठा टाकतूस. तुझ्या वैनीचा घास ल्हान असतो. म्हनून पीठ जाड येतंय."

मी घोंगडी डोक्यावरून काढली.

"माय, कवापासून कळलं तुला?"

"पैल्या भाकरीपासून. दळ आता. तिला उठवू नको."

दुपारी म्हातारा आला, सळई खांद्यावर टाकून. अंगनातल्या गोवऱ्या बगून खाली बसला, इस्तू मागितला. माय उंबऱ्यात बसली व्हती.

"तिचं थांबलंय," माय म्हनली.

"बिगर डागाचं?"

"हं. थांबलंय."

त्या दिशी वैनीचं दुखत व्हतं. आतल्या खोलीत, अंधारात, भिताडाकडं तोंड करून ती पडलेली व्हती, आन् मायला ते ठाऊक व्हतं. म्हाताऱ्यानं दादाकडं बगितलं. दादा बाजंवर निजलेला. मंग म्हातारा म्हनला, आता आलोच हाय तर भाकर तरी खातो. मायनं वाढलं. त्यानं पैला तुकडा मोडला आन् म्हनला, "पाटलीनबाई, पीठ लई जाड हाय तुमचं."

"जात्याला टाकी लावायचीय," माय म्हनली.

वैनीचं आजून बी दुखतं. रोज न्हाई, कवाकवा. दुखलं की ती निजती आन् तिला कुनी उठवत न्हाई. दळनाला आता माय बसती आन् मी बसतो. मी दुधाचा दुसरा पेला कोमट करून मायपाशी ठिवतो, ती तो म्हशीच्या पारडाला पाजती. म्हनती, "त्याचं वाढीचं वय हाय."

पारावरचे इचारतेत, समद्यांची डोस्की झाली, तुझ्या मायचं कर की बे एकदा. मी म्हनतो, येत न्हाई. ते म्हनतेत, भेतोस. तसं न्हाई. मी लई बगितलं, पहाटं जात्यावर समोर बसून, दुपारी, सांजच्याला. ती डोळं बारीक करीत न्हाई, नाक धरीत न्हाई, भिताडाला टेकत न्हाई. डोस्क्याला हात सुदिक लावीत न्हाई. तिचं करायला त्यात काय सापडतच न्हाई.